‘रोमानियाचे स्वातंत्र्य’ (1912): मराठी उपशीर्षकांची प्रदर्शन-प्रत, प्रकल्प नोंदी

4 मार्च

काम ठरले. ‘इंदेपेंदेन्त्सा रोमानिएई’, म्हणजे ‘रोमानियाचे स्वातंत्र्य’, हा 1912 चा मूकपट. विषय 1877-78 चे युद्ध: ओस्मानी सुलतानाचे मांडलिक असलेले रोमानिया रशियाच्या बाजूने लढले, आजच्या बल्गेरियातल्या प्लेव्नाच्या वेढ्यात रक्त सांडले आणि स्वतंत्र झाले. रोमानियातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून याची नोंद आहे. मूळ पट सुमारे दोन तासांचा होता. उरलेला भाग 82 मिनिटांच्या आसपास चालतो.

करायच्या गोष्टी तीन: वेग दुरुस्त करणे, मराठी उपशीर्षके, साथीचे संगीत. याला पुनर्संचयन म्हणायचे नाही. ते काम मूळ फिल्म हातात असणाऱ्या अभिलेखागाराचे. आपल्याकडे डिजिटल फाइल आहे आणि आपण सभागृहात चालेल अशी प्रत करतो आहोत. पत्रिकेवरही हेच शब्द जावेत.

खेळ 9 मे रोजी. 1877 साली याच तारखेला, जुन्या गणनेप्रमाणे, परराष्ट्रमंत्री मिहाइल कोगल्निचेआनू यांनी बुखारेस्टच्या प्रतिनिधीगृहात स्वातंत्र्य जाहीर केले.

7 मार्च

फाइल तपासली. सेकंदाला 25 फ्रेम. एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिल्यावर काही फ्रेम जशाच्या तशा दोनदा येतात असे दिसले. 25 पैकी 18 खऱ्या, 7 पुनरावृत्त. म्हणजे कोणीतरी पट 18 च्या वेगाने धरून 25 च्या साच्यात बसवला आहे.

फ्रेम फक्त दोनदा आलेल्या आहेत, एकमेकांत मिसळलेल्या नाहीत, हे नशीब. मिसळलेल्या फाइलमध्ये पळणाऱ्या माणसाला चार पाय दिसतात आणि तिथून मूळ फ्रेम परत काढणे जवळपास अशक्य. तशी फाइल मिळाली तर काम सुरू करू नये, दुसरी शोधावी.

पुनरावृत्त फ्रेम गाळण्यासाठी एफएफएमपेग या व्हिडिओच्या संगणक-प्रणालीत सोय आहे, पण ती डोळे मिटून लावता येत नाही. पाट्यांवर, म्हणजे दृश्यांच्या मध्ये येणाऱ्या मजकुराच्या चौकटींवर, काहीच हलत नसते, त्यामुळे यंत्र पाटीच्या सगळ्याच फ्रेम पुनरावृत्त समजून उडवते आणि पाच सेकंदांची पाटी अर्ध्या सेकंदावर येते. आधी सगळ्या पाट्या कापून वेगळ्या केल्या, मग फक्त चित्रभागावर गाळणी. नंतर प्रत्येक तुकड्याची फ्रेमसंख्या मूळच्या 18/25 पटीत बसते का ते ताडून पाहिले. न बसणारे तुकडे हाताने.

12 मार्च

वेग. या प्रकल्पात डोके लावायची जागा हीच. बाकी सगळे त्यामागून येते.

1912 चा कॅमेरा हाताने फिरवायचा. एका फेऱ्याला 8 फ्रेम, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे 16 फ्रेम हा पाठ. प्रत्यक्षात हात कधी 14 वर उतरतो, कधी 18 वर चढतो. हा पट 18 नी चालवला की सैनिक तुरुतुरु चालतात आणि लोक हसतात. 24 वर तर सगळे सैन्य किल्ली दिलेले खेळणे होते. या पटात अभिनय नाटकी आहे, नेपथ्य जागोजागी पुठ्ठ्याचे दिसते. अस्सल काय आहे तर खऱ्या लष्कराची हालचाल. पलटणी, घोडदळ, तोफा 1912 च्या रोमानियन लष्कराने पुरवल्या. तेच हसण्यावारी गेले तर पट दाखवायचे कारण उरत नाही.

मोजण्याची रीत: कवायतीत चालणारी तुकडी घ्यायची. पायदळाची चाल मिनिटाला 110 ते 120 पावले. मधला 116 धरला. सलग 20 पावलांना किती फ्रेम लागतात ते मोजायचे. एका पावलाला 8.3 फ्रेम आल्या तर कॅमेरा 16 चा, 9.3 आल्या तर 18 चा, 7.2 आल्या तर 14 चा. एकाच पावलावरून ठरवायचे नाही, एका फ्रेमची चूक वेग दोनाने बदलते. 20 पावलांवर ती चूक विरते.

ताळा म्हणून पडणाऱ्या वस्तू. एक मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू 0.45 सेकंदात जमिनीवर येते: 16 च्या वेगाने 7 फ्रेम, 18 च्या वेगाने 8. डोक्यावरून पडलेली टोपी 1.7 मीटरवरून येते म्हणून जास्त उपयोगी, साडेनऊ आणि साडेदहा असा फरक मिळतो. धूर मोजायला घेऊ नये, तो वाऱ्याचा. घोड्याची दुडकीही नको, घोडा लहान की मोठा यावर ती बदलते. नाटकी हातवारे तर मुळीच नकोत.

निष्कर्ष: मैदानातली बहुतेक दृश्ये 16 च्या आजूबाजूला. रंगमंचासारखी उभारलेली आतली दृश्ये थोडी जलद फिरवलेली वाटतात. तिथे चालणारे पाय थोडे, म्हणून ठाम मोजमाप मिळत नाही. सगळा पट 16 वर, आतली काही दृश्ये 18 वर. 82 मिनिटांचा पट सबंध 16 वर नेला तर 92 मिनिटांचा होतो. काही दृश्ये 18 वरच राहिल्याने आपला त्याहून थोडा कमी भरेल.

एक आक्षेप आला: त्या काळी चित्रगृहातला ऑपरेटर पट बऱ्याचदा जलदच चालवायचा, मग 16 चा आग्रह कशाला? आक्षेप खरा आहे. पण ऑपरेटरची घाई हा पटाचा भाग नव्हे. वेगाचा निर्णय पावलांवरच सोडला.

13 मार्च

कालच्या नोंदीला पुरवणी. दृश्य बदलताना वेग बदलला तर कापाच्या जागी धक्का जाणवतो का, हे तपासले. मध्ये पाटी असेल तर जाणवत नाही. थेट काप असेल तर दोन्हीकडे एकच वेग ठेवावा.

20 मार्च

साचा. सभागृहात डीसीपी, म्हणजे चित्रगृहांसाठीची डिजिटल प्रत, चालते. नेहमीची डीसीपी 24 ची. 16 चे 24 करायचे तर दोन फ्रेमच्या तीन करायच्या, म्हणजे एक फ्रेम एकदा, पुढची दोनदा. आडव्या हालचालीत ही लंगडी चाल लगेच दिसते, आणि या पटात सैन्य आडवेच जाते.

त्याऐवजी 48 ची डीसीपी. 16 ची प्रत्येक फ्रेम नेमकी तीनदा, लंगडणे संपले. 18 ची दृश्ये 3-3-2 अशा क्रमाने बसतात. तिथे किंचित थरथर राहते, पण आत चालणाऱ्या बैठकीत ती कळत नाही. डीसीपीसाठी 16 चा अभिलेखी वेगही प्रमाणित झालेला आहे, पण तो मानणारे सर्व्हर (सभागृहात डीसीपी चालवणारी यंत्रे) थोडे. त्याच्या भरवशावर खेळ लावू नये.

48 सुद्धा जुन्या सर्व्हरवर अडते. म्हणून 24 ची राखीव प्रत सोबत.

चौकट: मूकपटाच्या फिल्मवर ध्वनिपट्टी नसते, चित्र पूर्ण रुंदीचे, 1.33 ला 1. डीसीपीच्या 1998 बाय 1080 च्या चौकटीत ते 1436 बाय 1080 बसते, दोन्ही बाजूंना 281 पिक्सेल काळे. ऑपरेटर ‘पडदा भरत नाही’ म्हणून चित्र मोठे करतो आणि डोकी कापतो. तसे करू नये अशी सूचना लिहून द्यायची.

28 मार्च

धूळ आणि ओरखडे. स्वयंचलित साफसफाई लावून पाहिली. पद्धत सोपी असते: एका फ्रेममध्ये आहे, आधीच्या आणि नंतरच्या फ्रेममध्ये नाही, म्हणजे धूळ. घोळ असा की युद्धपटात नेमक्या अशाच गोष्टी महत्त्वाच्या. बंदुकीच्या नळीतला भडका, संगिनीवर चमकलेले ऊन, स्फोटात उडालेले मातीचे ढेकूळ: एका-दोन फ्रेममध्ये येतात आणि जातात. यंत्राने तीही पुसली. चढाई स्वच्छ झाली आणि गोळीबार गायब.

उपाय: साफ केलेली फ्रेम मूळ फ्रेममधून वजा करून उरलेला फरक उजळून पाहायचा. त्यात ठिपके दिसले तर ठीक. आकार दिसले, म्हणजे संगिनीची रेष, धुराची कड, पक्षी, तर ते दृश्य परत मूळ. सगळी चढाईची दृश्ये साफसफाईतून वगळली. ओरखडे राहू देत.

फिल्मच्या चित्रातले बारीक दाणे कमी करणारी गाळणी तर नकोच. धूर म्हणजे दाण्यांचाच खेळ. गाळणी लावली की तो साबणाच्या फेसासारखा दिसतो.

2 एप्रिल

स्थिरीकरण. चौकट हलते ते थांबवताना संगणक चित्रातल्या सगळ्यात मोठ्या वस्तूला धरतो. इथे ती सरकणारी पलटण. परिणामी पलटण जागेवर आणि डोंगर मागे पळतो. आधाराचे बिंदू हाताने दिले: क्षितिज, घराचा कोपरा, चौकटीची मूळ कड. कापाकापी 2 टक्क्यांच्या आत. थोडे हलले तरी चालेल.

8 एप्रिल

पट रंगवून दाखवावा अशी सूचना आली. नाही.

कारण नुसते शिस्तीचे नाही. त्या काळची फिल्म निळ्याला फार संवेदनशील, तांबड्याला जवळजवळ आंधळी. निळे आकाश पांढरे येते, तांबडे कापड काळे. रोमानियाचा ध्वज निळा, पिवळा, तांबडा. पडद्यावर तो डावीकडून फिकट, मग गडद, मग काळा. ओस्मानी ध्वज काळ्यावर पांढरी कोर. ‘रोशिओरी’ घोडदळाचे तांबडे अंगरखे काळसर दिसतात. रंगवणारा डोळ्यांना दिसते त्यावरून रंग भरतो आणि सगळे चुकते. प्रेक्षकांना पायदळ ओळखता यावे म्हणून पत्रिकेत एक ओळ पुरे: मेंढीच्या कातड्याची टोपी आणि त्यात टर्कीचे पीस खोवलेले ते ‘दोरोबान्त्सी’. त्या पिसावरूनच त्यांना ‘कुर्कानी’, म्हणजे टर्की कोंबडे, असे टोपणनाव पडले.

14 एप्रिल

मूळ रोमानियन पाट्या काढायच्या नाहीत, खाली मराठी. पाटी बदलून मराठी पाटी घालणे जास्त देखणे झाले असते, पण मग मूळ मजकुराचा शब्द कुठला आणि आपला कुठला हे प्रेक्षकाला कळत नाही.

तारखांचा गोंधळ इथेच निस्तरला पाहिजे. रोमानियात 1919 पर्यंत ज्युलियन पंचांग होते. एकोणिसाव्या शतकात ते 12 दिवस मागे, 1900 नंतर 13. त्यामुळे रोमानियन पुस्तकातली आणि इंग्रजी पुस्तकातली तारीख जुळत नाही आणि भाषांतर करणारा एक ‘सुधारतो’. आपण उपशीर्षकात पाटीवरची तारीख तशीच ठेवतो. दोन्ही तारखा पत्रिकेत:

स्वातंत्र्याची घोषणा 9 मे 1877, नव्या गणनेने 21 मे. प्लेव्नाजवळच्या ग्रिवित्साच्या बुरुजांवरची चढाई 30 ऑगस्ट, म्हणजे 11 सप्टेंबर. प्लेव्ना पडले 28 नोव्हेंबरला, म्हणजे 10 डिसेंबर. स्मर्दानची लढाई 12 जानेवारी 1878, म्हणजे 24 जानेवारी.

पदव्या: 1877 मध्ये रोमानियाचा शासक कारोल हा राजा नव्हता, रोमानियाचे राज्य 1881 मध्ये झाले. तोपर्यंत ‘अधिपती कारोल’. रशियाचा बादशहा तो ‘झार’, प्लेव्नातला ओस्मानी सेनापती ओस्मान हा ‘पाशा’. ‘तुर्क’ हा शब्द पाटीवर असेल तिथेच. आपल्या निवेदनात ‘ओस्मानी’.

नावांचे लेखन: शेपटीवाला ‘टी’ तो ‘त्स’, शेपटीवाला ‘एस’ तो ‘श’. प्लेव्ना हे आजच्या बल्गेरियातले प्लेव्हेन. पत्रिकेतल्या नकाशावर दोन्ही.

19 एप्रिल

उपशीर्षके मजकूर म्हणून डीसीपीत घातली तर काय होते ते पाहिले. संगणकावर ठीक. सर्व्हरवर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला, ‘क्ष’ आणि ‘त्र’ फुटलेले, रफार हवेत. जोडाक्षरे जुळवणारी यंत्रणाच त्या सर्व्हरमध्ये नसते आणि फाँट सोबत दिला तरी उपयोग होत नाही. देवनागरीसाठी दोनच सुरक्षित वाटा: प्रत्येक उपशीर्षकाचे पीएनजी चित्र, किंवा मजकूर थेट चित्रावर पक्का. पीएनजी घेतले, म्हणजे चूक सापडली तर सगळी प्रत पुन्हा काढावी लागत नाही. 24 च्या राखीव प्रतीत मात्र पक्का मजकूर.

फाँट नोटो सेरिफ देवनागरी. मजकुराची भाषा मराठी अशी खूण केल्याशिवाय ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, ती खूण आधी करावी. आकार 56 पिक्सेल, दोन ओळींतले अंतर दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. एका ओळीत 32 ते 34 अक्षरे, दोनच ओळी. शुभ्र पांढरा नको; पाटीच्या पांढऱ्याहून थोडा पिवळसर, काळी कड 3 पिक्सेल.

वेळ: सावकाश मोठ्याने एकदा वाचायला लागेल तेवढा, अधिक दोन सेकंद. 18 चे 16 केल्यामुळे पाट्या 12.5 टक्क्यांनी लांबल्या, त्याचा फायदा झाला. तरीही काही पाट्या तोकड्या पडतात. तिथे मराठी मजकूर आटोपता केला, पाटी ताणली नाही.

25 एप्रिल

पत्रिकेचा मजकूर. श्रेयनामावलीत काळजी हवी. दिग्दर्शक म्हणून बरीच वर्षे ग्रिगोरे ब्रेझेआनू यांचे नाव छापले जाई. कल्पना आणि जुळवाजुळव त्यांची. दिग्दर्शन आता अरिस्तिदे देमेत्रियादे यांच्या नावावर आहे. कॅमेरा फ्रांक दानियाउ. पैसा लेओन पोपेस्कू यांचा, बुखारेस्टच्या लिरिक नाट्यगृहाचे मालक. ओस्मान पाशाच्या भूमिकेत कॉन्स्तान्तिन नोत्तारा. कारोलच्या भूमिकेत स्वतः देमेत्रियादे. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी: खरा कारोल त्या वेळी गादीवर होता, 1914 मध्ये वारला. हयात राजाची भूमिका, त्याच्याच लष्कराच्या मदतीने. पटात कारोलच्या निर्णयावर कुठेही शंका नाही याचे नवल वाटायला नको.

याच विषयावर आधी एक पट झाला होता. गोमों या फ्रेंच चित्रपट कंपनीचे बुखारेस्टमधले प्रतिनिधी रेमों पेलरँ यांनी घाईने 1911 मध्येच तो उरकला. त्याच वर्षाच्या शेवटी पोलिसप्रमुखांनी पाहून तो इतिहासाला धरून नाही म्हणून जप्त केला. मग ब्रेझेआनूंच्या पटाला रस्ता मोकळा.

मराठी वाचकासाठी दोन संदर्भ, जास्त नकोत. 1912 च्या मे महिन्यात मुंबईत ‘पुंडलिक’ लागला, पुढच्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’. म्हणजे हा पट आणि आपले पहिले पट एकाच काळचे. दुसरा: 1930 मध्ये प्रभातने शिवाजी महाराजांवर काढलेल्या मूकपटाचे नाव ‘स्वराज्याचे तोरण’ होते. ब्रिटिश सेन्सॉरने ते चालू दिले नाही आणि पट ‘उदयकाल’ नावाने लागला. तिकडे राज्यकर्ता पलटणी देतो, इकडे शीर्षकातला एक शब्द सुद्धा देत नाही. दोन्ही पट शेजारी ठेवून पाहण्यासारखे, पण आपल्या पत्रिकेत जागा एवढीच.

पटात जे नाही ते एका परिच्छेदात. 30 ऑगस्टच्या चढाईत रोमानियनांनी ग्रिवित्साचा एक बुरूज घेतला. दुसरा शेवटपर्यंत पडला नाही. मेजर गेओर्गे शोन्त्सू आणि कॅप्टन वाल्तेर मराचिनेआनू त्या दिवशी कामी आले. प्लेव्ना चढाईने नव्हे, रसद तोडल्याने पडले. वेढा तोडून बाहेर पडताना ओस्मान पाशाच्या पायाला गोळी लागली आणि त्याने कर्नल मिहाइल चेर्केझ यांच्यापुढे शरणागती दिली. 1878 च्या बर्लिन तहात स्वातंत्र्य मान्य झाले, पण दक्षिण बेसाराबिया ज्याच्या बाजूने लढले त्या रशियाला द्यावा लागला, बदल्यात उत्तर दोब्रोजा मिळाला. शिवाय मान्यतेला अट होती: धर्मावरून कोणाचे नागरी हक्क नाकारायचे नाहीत. हा रोख मुख्यतः ज्यू रहिवाशांबद्दलचा. एवढे वाचून माणूस आत गेला तर पट त्याला जास्त नीट दिसेल.

30 एप्रिल

संगीत. पियानो, व्हायोलिन, बाजूचा ड्रम, संतूर. रोमानियात ‘त्सांबाल’ नावाचे दोन काठ्यांनी वाजवायचे तंतुवाद्य आहे, त्याच्या जागी संतूर चालते. मात्र आलापी नको, ठेका हवा. ‘होरा’ हा हात धरून गोल फिरायचा नाच, दोन मात्रांचा.

संचलनाला 116 ची लय. वेगच 116 पावलांवरून काढल्यामुळे ड्रम आणि पाय आपोआप जुळतात. हे जुळले नाही तर वेग पुन्हा मोजावा, वादकाला बोलू नये.

राष्ट्रगीताचा सापळा: आजचे रोमानियन राष्ट्रगीत 1990 पासूनचे, गीत जरी 1848 च्या काळातले असले तरी. कारोलच्या प्रवेशाला ते वाजवले तर विसंगत. राजगीताची चाल एदुआर्द ह्युब्श यांची, 1861 ची. ती 1877 लाही चालते आणि 1912 लाही.

तोफा: प्रत्येक धुराच्या झोतावर ड्रम मारायचा नाही. दर वेळी नेमका ठोका पडला की विनोदी होते. शिवाय लांबच्या तोफेचा आवाज उशिरा पोहोचतो. 300 मीटरवरची असेल तर जवळजवळ सेकंदभराने. लांबच्या दृश्यात ठोका तेवढा मागे. जवळच्या चढाईत ठोके नाहीतच, व्हायोलिनचा एकच दीर्घ सूर. पाटी वाचली जात असताना वादन खाली आणायचे, थांबवायचे नाही. थांबले की लोक खोकतात.

6 मे

सभागृहात चाचणी. 48 ची प्रत चालली. दोन गोष्टी निघाल्या. प्रोजेक्टरवर आधीच्या खेळाची ‘हालचाल गुळगुळीत’ करणारी सोय चालू राहिली होती. तिने मधल्या फ्रेम स्वतः रचल्या आणि पलटण पाण्यावर तरंगू लागली. बंद करून घेतली. ऑपरेटरच्या कागदावर पहिल्या क्रमांकाला हेच लिहिले. दुसरे, पियानोवरच्या दिव्याचा उजेड पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात पडतो आणि तिथली मराठी ओळ फिकी होते. दिवा खाली, वर पुठ्ठ्याचा आडोसा.

11 मे

खेळानंतरची यादी. संचलनाच्या दृश्यांत हसू आले नाही. आतल्या एका दृश्यात आले, ते अभिनयाला. सहा उपशीर्षके लहान करायची. शरणागतीच्या दृश्याआधी पाटी जरा लवकर जाते, तिथल्या उपशीर्षकाला पुढच्या चित्रावर दीड सेकंद राहू द्यायचे.

24 ची राखीव प्रत पुढच्या गावच्या सभागृहाला लागणार, तिथला सर्व्हर जुना आहे. तिच्यात आडव्या संचलनाची थरथर कमी करण्यासाठी तेवढी दृश्ये 18 वर धरून 3 चे 4 करून पाहायचे. पावले थोडी जलद होतील, पण मिनिटाला 130 च्या आत राहतात का ते मोजून मगच ठरवायचे.